जांभळ्या खड्याचा कापलेला परिच्छेद

नाही ताई, असं मी लिहिलंच नव्हतं. बसा आधी. ते कात्रण इथं टेबलावर ठेवा. चंद्रहासशेठच्या दुकानात फ्रेम करून लावलंय ना, त्याचीच ही झेरॉक्स — म्हणजे खडा घेणाऱ्याला माझा लेख फुकट. छान. तीस वर्षं भोंदू बाबांच्या बातम्या केल्या, अन् शेवटी मीच सराफाच्या भिंतीवर.

वाचा ना, काय लिहिलंय. अ‍ॅमेथिस्ट. बाजारात जमुनिया म्हणतात, जांभळासारखा रंग म्हणून. मूळ शब्द ग्रीक, अमेथिस्टॉस. त्यातला 'अ' आपल्यासारखाच, नकाराचा. पुढचा शब्द मद्याचा — आपल्या 'मधु'चा चुलतभाऊ. मिळून अर्थ काय, तर न झिंगलेला. ग्रीकांना वाटायचं, हा खडा जवळ असला की दारू चढत नाही. काही म्हणतात, पाणी घालून फिकी केलेली दारू दिसते तसा हा रंग, म्हणून हे नाव. बिशपांच्या अंगठीतही हाच बसवत आले — शुद्धीत राहावं म्हणून. इथवर एक शब्द चुकीचा नाही. माझी माहिती चुकत नसते.

हो, ऐकतोय. आत्माराम, तुमचे मालक. आचोळे गावची मुलं व्हॅनमधून शाळेत नेतात-आणतात, आणि सकाळीच पिऊन बसतात. तुम्ही बोललात की अंगठीचं बोट पुढे करतात — ''पेपरात छापलंय मालन, हा घातला की चढत नाही.'' परवा वळणावर व्हॅन कठड्याला घासली. आत किती मुलं? अकरा. बरं. पेपरावर इतका विश्वास ठेवणारा वाचक मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला, तोही असा.

आता खरं सांगतो. लेखाला आणखी एक परिच्छेद होता, शेवटचा. ही नुसती समजूत आहे, खडा घालून पिणारे ग्रीकही भिंत धरधरूनच घरी पोचले, असं त्यात होतं. सगळा लेख त्या परिच्छेदासाठी लिहिला होता. पण आमच्याकडे जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. म्हणून नवीन पोरांना मी ओरडून सांगतो, महत्त्वाचं पहिल्या ओळीत घ्या. आणि स्वतः मात्र — जरा मजा यावी म्हणून शेवटी ठेवलं. बॅप्टिस्टनं कापलं. पानं तोच लावतो, त्याला काय कळतं. म्हणजे, विचारलं होतं त्यानं. संध्याकाळी शेठची जाहिरात आली, आठ सेंटिमीटर, तेव्हा म्हणाला, काका, तुमचा शेवट जातोय. मी म्हटलं, जाऊ दे. आडवी रेघ मीच मारली, लाल पेननं. शेठची जाहिरात नसेल तर आमचं साप्ताहिक चार पानांचं दोन पानी होईल. पण ते तुम्हाला कशाला सांगतोय मी?

खुलासा? शुक्रवारच्या अंकात? ताई, आमदाराला भर सभेत गप्प केलंय मी. कोणाच्या बापाला भीत नाही. पण शेठच्या जाहिरातीशेजारी शेठच्या खड्याचा खुलासा — आमचा धंदा तुम्हाला कळायचा नाही. थांबा, असं करतो. तो परिच्छेद हातानं लिहून देतो, साप्ताहिकाच्या लेटरहेडवर. वर नाव आमचंच. आत्मारामना दाखवा, त्यांना पटेल… हं, घ्या. वाचा मोठ्यानं. जमलाय ना? मुळातल्यापेक्षा चांगला उतरलाय. काय म्हणालात?

सही?

सहीशिवाय नाही मानायचे ते. बरोबर आहे, मीही मानलं नसतं. पण सही झाली की हा कागद घेऊन ते तडक शेठकडे जाणार, खडा परत करायला. जाणारच. आणि शेठ आमच्या साप्ताहिकाच्या मालकांना फोन लावणार… इकडे द्या जरा तो. द्या ना ताई, एक शब्द बदलायचाय. नाही, आत्ता नाही, राहू दे माझ्याकडे. सोमवारी या. सोमवारी मी असेन की नाही सांगता येत नाही, पण या.

साडेबारा झाले. शाळा सुटली असेल, मुलं व्हॅनमध्ये बसत असतील. निघा तुम्ही.