डोक्याचा रुमाल

वहिनी: टोक सुटलं तुझं.

बेबी: सुटलं नाही, तू ओढलंस. सकाळपासून चादर अशी खेचते आहेस, जणू पलीकडे मी नाही, कुणी चोर उभा आहे.

वहिनी: बरं, घे पुन्हा. अर्धी. परत अर्धी. ये पुढे.

बेबी: आले. चौदा वर्षं या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या आपण दोघींनी अशा घातल्या. उद्यापासून माझ्यासमोर कोण उभं राहणार, तेवढं सांगून जा.

वहिनी: मामा आहेत की.

मामा: मला यात ओढू नका. मी आपला इस्त्रीचा रोलर सांभाळतो. माझ्या हातात चादरीचं एक टोक दिलं, की दुसरं आपोआप जमिनीवर जातं.

वहिनी: नवी बाई येईल, बेबी. इथं कुणासाठी काही थांबत नाही. वर वॉर्डात माणूस जातो, चादर खाली येते, धुतली जाते, संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या अंगाखाली असते.

बेबी: चारचीच गाडी धरायची ठरलंय?

वहिनी: भाऊ तिकडच्या स्टँडवर घ्यायला येतोय. त्याच्याकडे मागची खोली रिकामी आहे. राहीन.

बेबी: किती दिवस?

वहिनी: दिवस मोजून जात नाहीये मी.

बेबी: आणि दादा?

वहिनी: तुझ्या दादाला काल सांगितलं. ‘बरं’ म्हणाला. बावीस वर्षांच्या संसारावर एक ‘बरं’. मग उठला आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत बसला.

बेबी: त्याला बोलता येत नाही गं. लहानपणी हात मोडला, तर दोन दिवस आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. जेवताना घास उलट्या हाताने घ्यायला लागला, तेव्हा कळलं.

वहिनी: रविवारी मात्र दाढी करून चर्चला जाता येतं. सात महिने मी खिडकीतून बघते. एकही रविवार चुकवला नाही. पोटची पोर पुरून आलेला माणूस गाणी म्हणायला जातो.

बेबी: तो गात नाही, वहिनी. शेवटच्या बाकावर बसतो. गीतांचं पुस्तक उघडतो आणि एकही पान उलटत नाही. मी दोन ओळी पुढे बसते, मला दिसतं.

वहिनी: मग जातो कशाला?

बेबी: मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, ‘दुसरीकडे कुठे बसू?’

वहिनी: बसायला जागा त्याला आहे. मला नाही. त्या दारातून मी आत जाऊ शकत नाही. तिथे उभं राहून काय बोलले होते मी, आठवतं ना?

बेबी: आठवतं. आता कशाला ते.

वहिनी: मी सांगते. माइक हातात घेऊन साक्ष दिली की माझी मुलगी बरी झाली. पहिल्या रिपोर्टमध्ये काय होतं? गाठ थोडी लहान दिसते आहे, एवढंच. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘दुसरा रिपोर्ट येऊ द्या.’ पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, ‘ताई, जरा सावकाश.’ मी त्यांनाच सुनावलं, की वाट बघणं म्हणजे अविश्वास. उपकारस्तुतीची सभा ठेवली. दीडशे माणसांना केक वाटला, बेबी. तुकडे कमी पडायला नकोत म्हणून तू पातळ कापत होतीस.

बेबी: सगळेच आनंदात होते गं.

वहिनी: गुरुवारी दुसरा रिपोर्ट आला. तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? मी तिच्या खोलीच्या दारावर पाटी लावली.

बेबी: स्केचपेननं.

वहिनी: ‘या खोलीत निराशेचा शब्द बोलू नये.’ डॉक्टर तिच्याशी बोलायला आले, की मी त्यांना व्हरांड्यात न्यायची. तुझ्या दादाचे डोळे भरले, की त्याला चहा प्यायला पिटाळायची. सिस्टर तर दारातच हसण्याची तयारी करून आत यायची. शेवटच्या सकाळीदेखील मी ठमीला सांगितलं, ‘बुधवारी घरी जायचं आपल्याला.’ ती ‘हो’ म्हणाली. मी खाली येऊन दोन गाठोडी धुवायला टाकली. परत वर गेले, तर सगळं संपलं होतं.

बेबी: वहिनी, चादर खाली ठेव जरा.

वहिनी: नको. हातात काहीतरी असू दे.

मामा: बाई, मध्ये बोलतो, माफ करा. ते कपाट रिकामं करून ठेवा. ऑफिसचा माणूस कुलूप बघायला येणार आहे.

वहिनी: त्यात काय आहे मामा, जुनी चप्पल आणि एक डबा.

बेबी: थांब, मी काढते. चप्पल. डबा. हा तुझा एप्रन. ही पिशवी कसली?

वहिनी: ती राहू दे.

बेबी: वॉर्डातली पिशवी आहे ही. वर खाटेचा नंबर लिहिलाय.

वहिनी: राहू दे म्हटलं ना. सिस्टरनं त्या दिवशी हातात दिली होती. ठमीचा पेला, कंगवा आणि डोक्याचा रुमाल.

बेबी: रुमाल यात आहे?

वहिनी: केस गेल्यावर बांधायची तो. निळा. केस नाहीत तरी कंगवा हवाच होता बाईसाहेबांना. म्हणायची, ‘येतील तेव्हा शोधाशोध नको.’

बेबी: वहिनी, रुमाल... कसा आहे?

वहिनी: कसा म्हणजे?

बेबी: चुरगळलेला आहे, की घडी केलेला?

वहिनी: घडी केलेला. उशीवर ठेवला होता तिनं. सिस्टरनं तसाच उचलून पिशवीत घातला. मी उलगडला नाही. हात लावायची हिंमत नाही झाली. का नाही झाली, सांगू? मी ‘बुधवारी घरी’ म्हटलं होतं ना, म्हणून तिनं आवरायला घेतलं होतं. निघायची तयारी केली पोरीनं. माझ्या खोट्यावर भरवसा ठेवून. सात महिने मला हाच रुमाल दिसतो. इतकी शहाणी मुलगी, आणि मी तिला वेडी ठरवून मरू दिलं.

बेबी: बघू दे मला.

वहिनी: रडायला काय झालं तुला? बेबी? अगं बस, बस त्या स्टुलावर.

बेबी: मी त्या दिवशी तिची चादर शोधून काढली होती. वॉर्डाचं सगळं गाठोडं उलटंपालटं केलं. उशीचा अभ्रासुद्धा झटकला. हा रुमाल कुठेच नव्हता.

वहिनी: तू रुमाल कशाला शोधत होतीस?

बेबी: तिनं सांगितलं होतं म्हणून.

वहिनी: काय सांगितलं होतं?

बेबी: तिला माहीत होतं, वहिनी.

वहिनी: काय माहीत होतं?

बेबी: सगळं. दुसऱ्या रिपोर्टपासून. मला म्हणाली, ‘आत्या, डॉक्टरांच्या बुटांवरून कळतं. चांगलं असलं की आत येतात, वाईट असलं की बूट दाराबाहेरच थांबतात आणि आई बाहेर जाते.’

वहिनी: तुला म्हणाली.

बेबी: हो.

वहिनी: मला नाही. मी जन्म दिला, मी रात्रंदिवस उशाशी बसले, आणि हे ती सांगते आत्याबाईंना! मला का नाही सांगितलं?

बेबी: दारावर पाटी होती, वहिनी.

(वहिनी हातातली चादर खाली ठेवते.)

वहिनी: पुढे बोल.

बेबी: मी दुपारच्या सुट्टीत वर जायची ना, तिला शुभवर्तमान वाचून दाखवायला. एक दिवस प्रभूच्या थडग्याचा भाग आला. तो मरणातून उठून गेलेला असतो, आणि आत नुसती वस्त्रं पडलेली. डोक्याचा रुमाल मात्र त्यांच्यात नसतो, वेगळा घडी करून एका बाजूला ठेवलेला असतो. ठमी इतकी हसली! म्हणाली, ‘आत्या, हा माणूस आपल्या लाँड्रीतला दिसतो. उठल्याउठल्या आधी आवराआवर.’

वहिनी: असंच बोलायची ती.

बेबी: मग गप्प झाली. म्हणाली, ‘घाबरून पळणारा माणूस घडी घालत बसत नाही. अंगावरचं असेल तसं टाकून पळतो. हा घाबरलेला नव्हता.’ आणि मग... मला म्हणाली, ‘मी निघेन तेव्हा रुमालाची घडी करून ठेवीन. जमलं तर. तसा दिसला, तर आईला सांग की मी घाबरले नव्हते. आता नको सांगू. आता तिला पाटी सांभाळू दे.’

वहिनी: आणि तू सात महिने तोंड शिवून बसलीस!

बेबी: रुमालच मिळाला नाही मला! काय सांगणार होते? मला वाटलं, तिला जमलं नाही. शेवटी घाबरली पोर, आणि जवळ कुणी नव्हतं. हे तुला येऊन सांगू? तुला विचारायचं धाडसही झालं नाही. रोज समोरासमोर उभं राहून चादरींच्या घड्या घातल्या आपण, आणि तो तुझ्या कपाटात होता.

वहिनी: सिस्टरनं केली असेल घडी.

बेबी: सिस्टर लोक चौकोनी करतात, चार पदरी. हे बघ, टोक आत खोचलंय. असं या हॉस्पिटलात फक्त आपण दोघी करतो. मीच शिकवलं होतं तिला, शाळेच्या सुट्टीत इथं येऊन बसायची तेव्हा.

वहिनी: टोक नीट बसलेलं नाही.

बेबी: नाही.

वहिनी: वाकडं गेलंय. हात थरथरत असणार. म्हणजे घाबरली होती, बेबी.

बेबी: असेल. मी नव्हते तिथे. तू नव्हतीस. शपथेवर मी काहीच सांगू शकत नाही. घाबरली असेल, आणि तरी घडी घातली असेल.

वहिनी: एकटीनं.

बेबी: एकटीनं, की... मला एवढंच म्हणायचंय की तुझं खोटं तिला चिकटलं नव्हतं. ती फसून गेली नाही. तिला कुठे जायचंय ते तिचं तिला ठाऊक होतं.

वहिनी: यानं माझी पोर परत येत नाही.

बेबी: नाही येत.

वहिनी: आणि माझी चूक पुसली जात नाही. सांगायचं होतं तिला काहीतरी, मला ऐकायचं होतं, आणि मध्ये मी स्वतःच्या हातानं पाटी ठोकली. ते राहणारच.

बेबी: राहील.

वहिनी: तू ‘तसं नाही गं’ म्हणायला हवं होतंस.

बेबी: पुन्हा पाटी लावू का?

वहिनी: नको.

मामा: बाई, पावणेचार झाले. स्टँडपर्यंत रिक्षा बोलवू?

वहिनी: तुझ्या दादाला यातलं काही माहीत आहे?

बेबी: मी कुणालाच सांगितलेलं नाही.

वहिनी: तो घरी किती वाजता पोचतो? साडेपाच?

बेबी: साडेपाच-पावणेसहा. आज लवकर येईल की मुद्दाम उशिरा, मला नाही सांगता येत.

वहिनी: सातला एक गाडी असते ना, मामा?

मामा: असते. गर्दी असते, पण असते.

वहिनी: मग रिक्षा नको आत्ता. भावाला फोन करते. तुझ्या दादाला हे दाखवल्याशिवाय जाणं बरं नाही. तोही बाप आहे. बेबी, रुमाल उलगडू नको हं. आहे तसाच पिशवीत ठेव. वर कंगवा नको, टोक निघेल.

बेबी: ठेवला.

वहिनी: गाठोड्यात किती राहिल्या?

बेबी: दहा-बारा.

वहिनी: मग धर. अर्धी. परत अर्धी.

बेबी: डोळे पूस आधी. चादर पुन्हा धुवावी लागेल.

वहिनी: लागू दे. ... बेबी, तो भाग तिथेच संपतो? रुमालापाशी?

बेबी: नाही. पण त्या दिवशी माझी सुट्टी संपली, मला खाली यावं लागलं. पुढचं वाचायचं राहून गेलं.

वहिनी: काय आहे पुढे?

बेबी: एक बाई थडग्याबाहेर रडत उभी असते. थडग्यातून उठलेला तो तिच्या मागेच उभा असतो, पण तो कोण ते तिला कळत नाही.

वहिनी: रडू देतात तिला?

बेबी: हो. का रडतेस, एवढंच विचारतात.