घरी कुणाला कळणार नाही

...नाही, सुईला मी भीत नाही हो, पण तुम्हाला सांगतो, टेबलापलीकडे स्वतःची बायको फॉर्म घेऊन बसली की भल्याभल्यांची बोबडी वळते. आमची ही आरोग्यसेविका. एचआयव्हीची तपासणी करून घ्या म्हणून सहा महिने दारोदार फिरली, चपला झिजवल्या, आणि अख्खी गल्ली एकच म्हणते, "ताई, तुमच्या ह्यांनी केली का?" झालं, धरून नेलं मला आरोग्य केंद्रात. दुसरी सेविका नेमकी रजेवर, म्हणजे प्रश्न विचारणार कोण? हीच! मी म्हटलं, "अगं, तुला सगळं माहीत आहे, टाक भरून." तर चष्मा वर सरकवून म्हणते, "नाव सांगा." लग्नाला अठरा वर्षं झालीत... सांगितलं नाव. "घाबरू नका, तुम्ही सांगाल ते गुप्त राहील. घरी कुणाला कळणार नाही." आता घरी आहे कोण? हीच ना?

मग विचारते, "पत्नीशिवाय आणखी कुणाशी संबंध?" 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण समोर ती सुई, खिडकीत आमच्या गल्लीतला शिंपी नाक लावून उभा, माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच, आणि 'नाही' बाहेर यायला अर्धं मिनिट गेलं. अर्धं मिनिट! हिनं मान खाली घालून लिहिलं. चांगल्या दोन ओळी लिहिल्या. "काय लिहिलंस गं?" "गुप्त राहील."

पुढची वीस मिनिटं बाकावर बस, ऊठ, पाणी पी, पुन्हा बस. रोगाचं भय राहिलं बाजूला, 'नाही' लिहायला दोन ओळी कशाला लागतात, सांगा ना?

निकाल चांगला आला. बाहेर बघतो तर गल्ली रांगेत, शिंपी सगळ्यात पुढे. हिचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. जेवताना म्हटलं, आता तरी सांग. "गुप्त राहील," म्हणाली आणि वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी शिंप्यानं चिठ्ठी दाखवली, पुढची तपासणी वर्षानं. सगळ्यांना वर्षानं. माझ्या चिठ्ठीवर? तीन महिन्यांनी! शिंपी हळूच म्हणाला, "ज्यांचा भरवसा नाही त्यांना ताई लवकर बोलावतात, भावोजी."

भांडून उपयोग काय? जाणार आहे. या खेपेला अडखळायचं नाही म्हणून सकाळी दाढी करताना आरशासमोर सराव करत होतो, नाही, नाही, नाही... मागून आवाज आला, "कुणाला नाही म्हणताय?"