फीड घ्या, फीड!

...आणि मला वाटलं होतं, लोक विचारतील की हे चालतं कसं! तुम्हाला सांगते, बंगळूरहून हदगावला परत येताना अख्ख्या प्रवासात मी त्याचंच उत्तर घोकत होते, सोप्या भाषेत, उदाहरणासकट. आणि पहिला प्रश्न आला तो कोणाचा? ईश्वरप्पांचा! चौकात त्यांचं पशुखाद्याचं, म्हणजे इथल्या बोलीत 'फीड'चं, दुकान आहे. मी चिकटवलेला कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला, 'हदगावची स्वतःची फीड, अगदी मोफत', आणि म्हणाले, "बाई, मोफत फीड वाटून राहिल्या, मंग आम्ही दुकान बंद करावं का? अन् गाभण म्हशीला चालते का ही?"

आता काय सांगणार?

तुम्ही तरी ऐका, इथं कोणी ऐकलं नाही. समजा वीज मंडळाच्या संकेतस्थळावर सूचना आली, कॉलेजची तारीख आली, वसतिगृहाची जाहिरात आली. तुम्ही रोज कुठंकुठं जाऊन बघणार? मी एक प्रोग्राम लिहिला, तो बघतो आणि नवीन काही आलं की तुमच्या फोनवर, टिंग! हीच माझी फीड. जाहिरात नाही, चेष्टामस्करी नाही, मध्ये माणूसच नाही! मध्ये माणूस नाही हे तर मी इतक्या अभिमानाने सांगायचे...

आणि त्यावर माझा चुलतभाऊ सुगत काय म्हणतो? "एवढी कटकट कशाला गं? ग्रुपवर टाक की!"

ग्रुपवर टाक की! अरे, काय टाक? तो ग्रुप तुम्ही बघितलाय? सुगत त्याचा ॲडमिन. सकाळी गुलाब, मग त्या गुलाबातून उगवणारा सूर्य, मग कुण्या भाऊंचा वाढदिवस, मग त्या भाऊंना जोडलेले तालुक्याचे हात, आणि त्या हातांच्या खाली कुठंतरी 'आज वीज बंद'. तिथपर्यंत बोट पोचेस्तोवर वीज जाऊन परत आलेली असते!

बरं, मी म्हटलं, चूक माझी, इंग्रजी शब्द हवाच कशाला? शब्दकोश काढला. सबस्क्राइब करणे म्हणजे वर्गणीदार होणे. छान! नवा कागद: 'आजच वर्गणीदार व्हा!' आणि तुम्हाला सांगते, गल्ली ओस! जयंती होऊन गेलेली, मग ही वर्गणी कशाची? मी दिसले की लोक फोन कानाला लावायचे, "हां हां, येऊनच राहिलो," आणि पलीकडे कोणी नाही! भामाआत्यानं तर मला स्वयंपाकघरात ओढलं. "प्रियू, खरं सांग, नोकरीवरून काढलं का गं तुला?"

तर माझी फीड घेणारे कोण? एक मी. एक बाबा, त्यांच्या फोनमध्ये मीच घातली. आणि एक पुन्हा मीच, जुन्या फोनवर. बाकी सगळं गाव एका सुरात, ग्रुपवर टाक की!

इथवर मी हसतच होते हो. मग मनिषाचं झालं.

मनिषा आमच्यापासून तिसऱ्या घरातली. बारावी झाली, नांदेडच्या कॉलेजात नंबर लागला. घरातून अट एकच: मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर घरी बस. आणि एके दिवशी माझ्या फोनवर, टिंग! अर्ज भरायची शेवटची तारीख अलीकडे आणली. मी उडालेच! बाबांना दाखवलं, "बघा बाबा, चाललं! कुठल्याही माणसाच्या आधी मशीनला कळलं!" बाबा म्हणाले, "वा!" बाबांकडून घेऊन सुगतनं ती सूचना ग्रुपवरही टाकली. वर गुलाब, खाली भाऊ. मनिषानं तर अभ्यासासाठी ग्रुपचा आवाजच बंद करून ठेवलेला.

तारीख गेल्यावर ती संध्याकाळी तिच्या दारात दिसली. मी सहज, "भरला ना गं अर्ज?"

"तारीख कुठं आली अजून, ताई?"

...मी सांगितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, म्हणजे... फीडवर आलं होतं."

"मंग सांगितलं न्हाई?" चिडली नाही हो ती. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसती तिथूनच दिसणाऱ्या माझ्या दाराकडे बघत राहिली.

आता रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी पुन्हा अर्ज मागवतील म्हणतात. कधी? ते संकेतस्थळावर येणार!

जेवताना मी घरात जाहीर केलं. उद्यापासून मी फीड वाचणार आणि ज्याच्या कामाचं असेल त्याच्या घरी जाऊन सांगणार. भामाआत्याच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"घरोघर सांगत फिरणार? प्रियू, माझ्या बापानं हेच केलं गं. मयताचा सांगावा, लग्नाचा सांगावा, या गावाहून त्या गावाला, अनवाणी. अन् अंगणात पाय ठेवायचा न्हाई, बाहेरूनच आरोळी द्यायची. छप्पनला दीक्षा घेतली अन् म्हणला, ही गावकी आजपासून बंद. त्यानं बंद केली म्हणून तू शिकलीस. अन् शिकून काय करणार, तर सांगावाच पोचवणार व्हय?"

मध्ये माणूस नको, मध्ये माणूस नको, म्हणून मी मिरवत होते ना? मधला तो माणूस पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरातला होता, हे मला बंगळूरला कुठल्या वर्गात कळणार होतं? आजोबांना जावंच लागायचं. मला कोणी जा म्हणत नाहीये, उलट सगळे म्हणतायत ग्रुपवर टाक. हा फरक पुरतो का? तुम्हीच सांगा. मला अजून नक्की कळलेलं नाही.

सकाळी उठले, फीड उघडली. मनिषाचं काही नव्हतं. मागच्या गल्लीत दुपारी वीज बंद, एवढंच. तरी ठरवलं, आधी मनिषाकडे जायचं, आज काही नाही हेसुद्धा जाऊन सांगायचं. चपला शोधायला लागले, तर आत्या दारात. वाटलं, अडवणार. तिनं माझे बूट पुढे सरकवले.

"जायचंच हाय तर बूट घालून जा. अन् बाहेरून आरोळी द्यायची न्हाई. आत जायचं, खुर्चीवर बसायचं, मंग सांगायचं."

आता घरात जाऊन बसायचं म्हणजे चहा आला, नाही म्हटलं तर राग आला, आणि मागची गल्ली तर लांबच लांब... तुम्हाला सांगते, जगात इतक्या फीड आहेत, पण चहा पिऊन पिऊन पित्त झालेली फीड एकच, आमची हदगावची!