तेजराम काकांच्या पायाची तीन चित्रं

बसा. मागे ओसरीत जे उभे आहेत त्यांनीही बसून घ्या, सतरंजी अजून आहे. तुम्ही उभे दिसलात की माझं लक्ष आधी तुमच्या पायांकडे जातं, आणि मग बोलायचं सुचत नाही.

मी शालू. तुमच्या सिस्टरबाईंची भाची. त्या माझ्या आत्या. आत्याला जाऊन आज दहा दिवस झाले. केशोरीपासून, कोहमाऱ्यापासून तुम्ही आलात, शेतीची कामं सोडून आलात. काय बोलावं ते मी लिहून आणलंय. चार वेळा लिहिलं. तरी चुकलं तर सांभाळून घ्या. मला माणसांसमोर बोलायची सवय नाही. मला पाय धुवायची सवय आहे.

आत्या नोकरीतून निवृत्त झाली आणि गोरेगावला आमच्याकडे राहायला आली. महिन्याभरात तिनं आमची समोरची खोली रिकामी करून घेतली. गोंदियाचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, बाकी सगळं आत्या बघायची. फक्त भरत नसलेल्या जखमांचा दवाखाना. ताप नाही, खोकला नाही. सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष न भरलेल्या जखमा. दिवस ठरवला बाजाराचा. जखमेसाठी माणूस घरून निघत नाही, बाजारासाठी निघतो, असं ती म्हणायची.

माझा नर्सिंगचा कोर्स नंतर झाला. आधीचं शिक्षण घरातल्या पायांवर झालं. जेवणं झाली की आत्या आजोबांना, आईला, बाबांना खाटेवर ओळीनं बसवायची आणि माझ्या हातात पट्ट्या द्यायची. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. बाबा म्हणायचे, "बाई, मले दुकानात जाऊ दे न." आत्या म्हणायची, "जा न. पट्टी बांधूनच जा. सरकली तं येऊन सांग." बाबा एक दिवस दोन्ही पाय बांधून गिऱ्हाईकांसमोर बसले. संध्याकाळी तीन जण घरी अपघाताची चौकशी करायला आले. एकानं संत्री आणली होती. ती आम्ही खाल्ली.

असं शिकले मी. हसत शिकले. म्हणून आज मी रडणार नाही असं ठरवलंय.

पण एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

आपल्या दवाखान्यातलं प्लास्टिक तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. जखमेवर स्वच्छ पारदर्शक पिशवी ठेवायची आणि पेनानं जखमेच्या कडेवरून रेघ काढायची. खालचा पदर टाकून द्यायचा, वरच्यावर नाव आणि तारीख घालून जपून ठेवायचा. दर आठवड्याला नवं चित्र. जुन्यावर नवं ठेवलं की जखम वाढली की आटली ते कळतं. आणि जखम पूर्ण भरली की शेवटचं प्लास्टिक कोरंच. त्यावर नुसतं नाव आणि तारीख. ते आत्या घरी न्यायला द्यायची. तुमच्यातल्या किती जणांकडे ते आहे, मला माहीत आहे.

तेजराम काका तिथे खांबाजवळ बसले आहेत. शेजारी काकी आहेत. काका, तुम्हाला न विचारता तुमचं नाव घेते आहे.

काकांच्या डाव्या घोट्याच्या वर जखम होती. आत्याच्या हातून ती बरीच आटली होती. एका पावसाळ्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे दवाखान्यात मी एकटी. मला एकच भीती होती. आत्याच्या हातून आटत आलेली जखम माझ्या हातून वाढली तर?

आणि ती वाढू लागली. थोडी. कडेला पांढरी, ओलसर कातडी दिसायला लागली. मी स्वतःला म्हटलं, ही नवी कातडी आहे. ती नवी नव्हती, ओलीनं कुजत चालली होती. माझ्या डोळ्यांना ते दिसत होतं. तरी मी रेघ त्या कातडीच्या आतून काढली. पुढच्या आठवड्यात अजून आतून. तिसऱ्या आठवड्यात काका म्हणाले, "पोरी, धानाची रोवणी चालू हाय. बांधीतल्या चिखलात उतरू का?" मी त्यांना प्लास्टिक दाखवलं. म्हटलं, "बघा काका, कमी होऊन राहिली. थोडा वेळ उतरा."

काका उतरले.

आत्या परत आली तेव्हा जखम तळहाताएवढी झाली होती. आत्यानं काकांना जे झापलं ते बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. "चिखलात लोळाले म्हैस हायेस काय?" काका मान खाली घालून म्हणाले, "माहीच चुकी, बाई."

मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही.

त्या दुपारी आत्यानं काकांची सगळी प्लास्टिकं काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तिच्या हातची चित्रं वाकडीतिकडी, दातेरी. माझी तीन गुळगुळीत. ती म्हणाली, "शाले, जखम कधी पेढ्यासारखी गोल असते काय?" मग म्हणाली, "तेजरामभाऊले तू सांगशील. मी नाही सांगणार."

दर बाजाराच्या दिवशी दवाखाना बंद करताना विचारायची, "सांगितलं?" मी म्हणायची, "नाही." मग कधीतरी तिनं विचारणं सोडलं. ते मला जास्त जड गेलं.

ती रागावली नाही. मला पुन्हा आजोबांच्या खाटेजवळ बसवलं. उडदाचा पापड मोडायची, तुकडा प्लास्टिकखाली ठेवायची आणि म्हणायची, "काढ रेघ. दिसते तशीच." कितीतरी पापड मोडले. माझा हात तिनं असा सरळ केला.

काकांची जखम पुढच्या दिवाळीच्या आधी भरली. पण तोवर काकी त्यांना ऐकवत राहिल्या, "धानाची लय हौस होती न, भोगा आता." आणि आत्यानं मात्र काकांना त्या दिवसानंतर कधीच झापलं नाही. आल्याबरोबर चहा द्यायची. काकांनी मला हळूच विचारलं होतं, "पोरी, बाई बिमार हाय का? शिव्याच देत नाही."

काका, काकी, ती चूक तुमची नव्हती. काका, तुम्हाला वाटत आलंय की मी थोडा वेळ म्हटलं आणि तुम्ही जास्त वेळ थांबलात. थोडा वेळही चालणार नव्हता. तुमची जखम वाढली होती आणि मी ती लहान काढली होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आत्या असताना सांगायला हवं होतं. मला माफ करा.

काय म्हणता, काका?

मागे ऐकू आलं नसेल. काका विचारताहेत, "मंग थे कोरं पलास्टिक तरी खरं हाय का? माह्या रासन कार्डात ठेवलं हाय."

हसू नका, बरोबर विचारताहेत. ते खरं आहे, काका. त्या दिवशी आत्यानं स्वतः भिंग लावून तुमचा पाय पाहिला होता. मग पेन माझ्या हातात दिला. तुमचं नाव आणि तारीख माझ्या अक्षरात आहे, बघा घरी गेल्यावर.

पुढच्या बाजाराला आपला दवाखाना उघडा राहील. डॉक्टरांशी बोलणं झालंय, तेही येतील. रेघ मीच काढीन. पण काढल्यावर प्लास्टिक पायावर ठेवूनच तुम्हाला दाखवीन. सोबत आलेल्यांनीही वाकून पाहायचं. रेघ आतून गेली असली तर तिथेच सांगायचं. आणि ज्यांना माझ्याकडून पट्टी बांधून घ्यायची नसेल त्यांनी संकोच करू नका, मी त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे चिठ्ठी देईन.

आता दोन मिनिटं आपण आत्यासाठी शांत राहू. अशा वेळी उभं राहायची पद्धत आहे. तुम्ही उभे राहू नका. ज्यांच्या पायाला पट्टी आहे त्यांनी पाय लांब करा. टाचेखाली पिशवी घ्या, गमछा घ्या, पाय वर राहू द्या. समोर आत्याचा फोटो आहे, तिच्याकडे पाय कसे करायचे, असा विचार मनात आणू नका. इतकी वर्षं तिनं तुमचे पाय स्वतःकडेच वळवून घेतले होते.

दोन मिनिटं. बसूनच.