सासरेबुवांचं ठणठणीत मशीन

...आणि वर मलाच म्हणतात, दोरी चुकीची ओढता! अहो, ओढून ओढून हा उजवा खांदा कामातून गेला माझा! तुम्हाला सांगतो, सासऱ्यांनी त्यांचं जुनं गवत कापायचं मशीन मला दिलं. "घ्या जावईबापू, आयुष्यभर पुरेल!" कोणाच्या आयुष्यभर, ते नाही सांगितलं. दोरी ओढली की ते आधी खोकायचं, मग शिंकायचं, मग असा निळा धूर सोडायचं की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे उचलून आत पळायच्या! आणि गवत? कापतंय कुठलं! गवताला नुसतं वाकून नमस्कार करायला लावायचं. पण बोलायची सोय आहे का?

शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावला. त्याने प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला, म्हणाला, ओढा दोरी. ओढली. "साहेब, फुंकरसुद्धा येत नाही. आतून पार झिजलंय. इंजिनच बदला."

मी सासऱ्यांना फोन लावला, म्हटलं, "बाबा, ते इंजिन..."

"इंजिनला काय धाड भरलीय? दोरी मनगटातून ओढायची असते, मनगटातून! तुमच्या पिढीला मनगटच नाही!"

ठेवला फोन! आता बोलायची सोय आहे का?

मग बायको. "अहो, बदला हवं तर, पण बाबांना कळू देऊ नका. डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, दादा म्हणतो कान तपासून घ्या, आई म्हणते स्टुलावर चढू नका. जो तो त्यांना हे गेलं, ते गेलं एवढंच सांगतो. ते मशीन तेवढं ठणठणीत राहू दे ना..." आणि डोळ्यांत पाणी! संपलं! आता तर बोलायची सोयच नाही!

झालं, मागच्या अंगणात मी आणि मेकॅनिक बसलो. बोल्ट असे गंजलेले की एक तुटला, दुसरा फिरेना, पात्याचा नट तर... मी लाकूड घालून पातं धरलंय, मेकॅनिक पान्याला पाइप लावून लोंबकळतोय, आणि काकू कुंपणावरून विचारतायत, "स्वयंपाकघरातलं तेल देऊ का?" बरं, जुनं निघालं तर नव्या इंजिनाची भोकं जुळेनात! नवी पाडली. तर त्याचा पातं धरणारा दांडा बोटभर लांब, पातं जमिनीला टेकतंय! इंजिनाखाली पट्ट्या घातल्या. आणि एवढं करून ते इंजिन लालचुटुक! म्हटलं, याच्यावर जुनं पोचे आलेलं टोपण बसव, आणि थोडी काजळी फास. मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "साहेब, नव्या इंजिनाचं वय वाढवून मागणारं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही!"

रविवारी सासरे हजर. "चालवा बघू!" मी दोरी ओढली... हळूच हां, मुद्दाम! न जाणो एका झटक्यात सुरू झालं तर! वर कण्हलो पण.

"अहो, मशीन सुरू करताय की पाळणा हलवताय? व्हा बाजूला!"

आणि त्यांनी ओढली. घर्रर्रर्र! एका ओढीत! धूर नाही, खोकला नाही, काही नाही! सासरे मान तिरकी करून ऐकतायत... "आवाज..." बायकोचा हात तोंडावर. "आवाज बदललाय..."

मेलो!

"...हाच! हाच आवाज होता पूर्वी! बघा, ओढणारा हात लागतो!"

आणि सुटले! आमचं गवत कापलं, काकूंचं गवत कापलं, काकूंची दोन गुलाबाची रोपं कापली! काकू तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने हात जोडले. सासरे घामाघूम होऊन आले, पण चेहरा काय तो! मुलाच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर बापाचा होतो ना, तसा! खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. क्षणभर. क्षणभरच! कारण पुढच्या क्षणाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात,

"लोकांना सवयच आहे, जावईबापू. इंजिन गेलं, इंजिन गेलं! आमच्या मोटारीचंही हेच म्हणतात. चार माणसं लावून उद्याच ढकलत आणतो तुमच्या दारात!"

मी बायकोकडे बघितलं. बायकोने आभाळाकडे बघितलं.

काय करता? म्हटलं, "आणा बाबा... काही झालेलं नसणारच तिला!"