डोकं आणल्याशिवाय हेल्मेट नाही

नाही नाही, ती नाडी खिशात ठेवा. बुटाच्या नाडीवर माप आणून हेल्मेट मागणारे तुम्ही पहिलेच — इथे डोकं आणावं लागतं, अख्खं, मानेसकट. बाहेर पाटी आहे, वाचली नाहीत? सगळे वाचतात, हसतात आणि मग मुकाट्याने डोकं घेऊन येतात. बसा, त्या टायरच्या थप्पीवर बसा, पडत नाही ती. काय म्हणालात, एकचाकी सायकलसाठी? अरे वा, मग तर योग्य माणसाकडे आलात. मला भोवरा म्हणायचे — सर्कशीत होतो मी, एकचाकीवर झोप काढायचो, खोटं वाटतं? एकदा तर डोक्यावर कबुतराने घरटं केलं, पिल्लं उडेपर्यंत मालकाने मला खाली उतरू दिलं नाही. हेल्मेट? छे. हेल्मेट घातलं तर लोक तिकीट काढतील कशाला — त्यांना पडणारा माणूस बघायचा असतो, सुखरूप पडणारा नाही. आणि पडलोच शेवटी. दोन गिरण्यांच्या धुराड्यांना तार बांधलेली, खाली सगळं शहर, वर मी — हे बघा, इथे, बोट लावा, लाजू नका, खळगा लागतो ना? तेव्हापासून नाकाला वास नाही. दुकानात रबर जळलं तरी गिऱ्हाईक सांगतं तेव्हा कळतं.

बरं, आणा ती नाडी, बघू तरी. भुवईच्या वर बोट ठेवून घेतलंय माप, शहाणं आहे कोणीतरी... आणि ही गाठ? ही तुम्ही नाही मारली. दुहेरी फास, टोक आत वळवलेलं — ही आमच्या तंबूतली गाठ, तार ताणताना मारायचो. सर्कस सोडल्यावर मी ती एकाच माणसाला शिकवली.

म्हणजे ते तुम्ही. लग्नाचं मला शेजारणीकडून कळलं, तेही ती हवा भरायला आली म्हणून. या जावईबापू, या. पहिल्यांदा सासऱ्याकडे आलात आणि टायरवर बसलात. कशी आहे भिंगरी — राहू द्या, नका सांगू. माझ्याबद्दल काय सांगते ते मला पाठ आहे. बापाने भर चौकात तिचा एकचाकीचा खेळ थांबवला, रिंगणात घुसून तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला, आणि लोकांनी खेळाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. मला जन्मात तेवढ्या पडल्या नव्हत्या. मी तिला विदूषक केलं म्हणे. करीन, पुन्हा करीन — जिवंत विदूषक परवडला मला. तिला कळायला नको? तिने डोळ्यांनी बघितलंय मला त्या तारेवरून — मान का खाली घातलीत? सांगितलं वाटतं तिने. बरं, नव्हती तार. धुराडी पण नव्हती. अंगणात पडलो. चाक जागेवर उभं होतं, एका हाताने कपड्यांची दोरी धरली होती, तिला दाखवत होतो कसं चढायचं. एवढीशी होती, फ्रॉकमधली. त्या स्टुलाच्या उंचीवरून पडलो हो — आणि तिने टाळ्या वाजवल्या. वाटलं, बाबा गंमत करतायत. मी उठेना, तरी वाजवतच होती.

जाऊ दे. तिने धाडलं तुम्हाला? नाही? मग काय म्हणाली — ते एक दुकान सोडून कुठेही जा? असं म्हणाली. आणि आता तिला हेल्मेट का हवंय — तिने उंच चाक घेतलंय म्हणून. म्हणजे माझ्या सांगण्यावरून नाही. बरं. चाकासाठी तर चाकासाठी.

घ्या हे. ते पिवळं नको, निळं घ्या, मागून जास्त खाली येतं. पट्टा असा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल — बोट तुमचं घाला. आणि कुठून आणलंत विचारलं तर त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून म्हणा. चांगला माणूस आहे तो, नाडीवरच्या मापानेही देतो.

उठा आता, शटर ओढायचंय. भर दुपारी, हो, भर दुपारीच. काय शोधताय? नाडी? ती नाही मिळायची. निघा.