तिसरं ‘नको’

राक्षसीण! ऐकताय ना? राक्षसीण म्हणाली मला! कोण म्हणजे काय, पोटची पोरगी! आणि ते पण घरात नाही, चार भिंतींत नाही, भर सभेत, जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये, एवढ्या सगळ्या गोऱ्या माणसांसमोर... आणि मी पहिल्या रांगेत, पैठणी नेसून, नथ घालून, हसतेय! हसतेय हो मी, कारण काय बोलतेय ती ते मला कळतच नव्हतं! आता तुम्हीच सांगा, नीट बघा माझ्याकडे, मी काय खाते का कुणाला?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी वाईट आहे. हिरा आहे माझी ईप्सिता! आमच्या सोसायटीत सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरमध्ये, माझ्या जावेचा, सुरेखाचा मुलगा तर कॉम्प्युटरमध्ये इतका आत गेलाय की सणासुदीलाही बाहेर येत नाही, आणि आमच्या बाईसाहेब संस्कृतात एम.ए. करून, वर ग्रीक शिकून, गेल्या जर्मनीला पीएच.डी. करायला. विषय काय? तर प्राचीन ग्रीक महाकाव्यांतल्या राक्षसांचा अर्थ! सुरेखा नाक उडवून म्हणाली, “अगं बाई, राक्षसांवर पीएच.डी.? मग पुढे नोकरी कुठे लागते त्यावर?” मी म्हटलं, “तुझ्या मुलाच्या साहेबाकडे.” 

पण खरं सांगू? मला तरी कुठे कळत होतं? मी ह्यांना विचारलंसुद्धा, “अहो, राक्षसाला कसला आलाय अर्थ? मोठे दात, मोठं पोट, शेवटी मरतो. झाला की अर्थ!” हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “तिला कळलंय ना? मग झालं.” निवृत्त झाल्यापासून हे एवढंच बोलतात.

तर दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिची शेवटची परीक्षा ठरली. तोंडी असते, सगळ्यांसमोर, प्रश्न विचारतात. आम्ही दोघं निघालो. सगळ्यांना सांगितलं, लेकीची परीक्षा बघायला चाललोय. पण तुम्हाला म्हणून सांगते, मनात वेगळंच होतं. परीक्षा झाली की पोरीला घेऊनच परत यायचं! किती वर्षं राहायचं हो परक्या देशात त्या राक्षसांना धरून? मी तर तिची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. पिस्ता कलर. तिला न विचारता... सरप्राईज!

पोचलो तर काय, गावभर झेंडे! खिडक्यांना झेंडे, गाड्यांना झेंडे. मी म्हटलं, पोरीच्या परीक्षेची केवढी तयारी केलीय यांनी! मग कळलं, फुटबॉलचा वर्ल्ड कप होता. असू दे. घर तिचं चढावर, म्हणजे चढ कसला, पर्वतीच! एस-बानमधून, म्हणजे तिथल्या लोकलमधून, उतरायचं आणि चढतच राहायचं. पण स्वयंपाकघर छान हो. आणि तिथे तो क्वार्क मिळतो, माहितीये? डब्यात, आयता चक्का! बांधायला नको, टांगायला नको. मी तो डबा उघडला आणि म्हटलं, या देशाचं भलं होवो.

तर मी श्रीखंड फेटत होते आणि विचारलं तिला, बाई गं, एकदा मला समजेल असं सांग तुझं ते राक्षसपुराण. ती ओट्यावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, “आई, ग्रीकांचा राक्षस नुसता भीती दाखवायला नसतो. माणूस म्हणजे काय, हे सांगायला तो कवी राक्षस उभा करतो. तो एक डोळ्याचा बघ, गुहेत एकटा राहतो. सभा नाही, कायदा नाही, शेजारी मेला का जगला पत्ता नाही. दारात पाहुणा आला तर माणूस काय करतो? आधी जेवायला घालतो, मग नाव विचारतो. हा आधी नाव-गाव विचारतो आणि मग पाहुण्यालाच खातो! पाहुणचार उलटा केला की राक्षस झाला.”

अगं बाई! हे तर मला पटलंच! मी म्हटलं, “म्हणजे वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी!”

“आणि आई, दुसरी एक जात असते. ते खात नाहीत, खाऊ घालतात. गोड गोड फळं देतात, मऊ बिछाना घालतात, आणि पाहुणा स्वतःचं घरच विसरतो. त्याला जाऊच देत नाहीत.”

मी म्हटलं, “मग त्यात वाईट काय?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

बरं, परीक्षा मंगळवारी. मी म्हटलं रविवारी तुझ्या गाईडना जेवायला बोलव. तर म्हणे, “आई, इथे परीक्षेच्या तोंडावर असं नाही करत.” मी म्हटलं, “का? मी काय खाते का त्यांना?” शेवटी बोलावलं. प्रोफेसर हेफनर. उंच, शिडशिडीत, पांढरी दाढी, हातात फुलं, आणि घड्याळ लावून घ्यावं असे वेळेवर. सगळा जन्म पाहुणचारावर पुस्तकं लिहिण्यात गेला त्या माणसाचा, आणि अंगावर बघाल तर मांस नाही! माझं आईचं काळीज तुटलं हो.

आता ऐका, इथेच घोटाळा झाला. श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. ईप्सिता आत पुऱ्या तळत होती, दार बंद करून, कारण तिथल्या घरांत छताला भोंगा असतो, जरा धूर झाला की बोंबलतो. हे जेवणात मग्न. म्हणजे वाढायला मी आणि जेवायला प्रोफेसर. मी पुरी पुढे केली. ते म्हणाले, “डांके.” आता डांके म्हणजे थँक्यू, हे तर मला विमानतळावरच पाठ करून घेतलं होतं पोरीने. मी म्हटलं, वा, काय गोड माणूस, मागायच्या आधीच थँक्यू म्हणतो! वाढली. त्यांनी खाल्ली. पान रिकामं झालं. पाहुण्याचं पान रिकामं? माझ्या घरात? मी परत पुरी पुढे केली. “डांके.” वाढली! खाल्ली! “डांके, डांके!” म्हटलं, आता तर दोनदा म्हणाले, मग दोन वाढल्या! श्रीखंड? “नाइन, डांके!” नाइन तर इंग्रजीतला नऊ... मी म्हटलं बापरे, भूक बघा माणसाची! पण वाढलं हो, जेवढं वाटीत मावेल तेवढं!

आणि ते खातायत! सगळं खातायत! घाम आलाय, टाय सैल केलाय, दाढीला श्रीखंड लागलंय, डोळ्यांत पाणी... मला वाटलं, आईच्या हातची आठवण आली असेल. इतक्यात ईप्सिता झारा घेऊन बाहेर आली, तिने सरांकडे बघितलं, आणि अशी किंचाळली, “आई! नाइन म्हणजे नाही, आणि डांके म्हणजे नको!”

घ्या! थँक्यू म्हणजे नको! असली कसली हो भाषा? बरं, पानात टाकू नये असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं, आणि पान रिकामं ठेवू नये असं मला! ते संपवतायत म्हणून मी वाढतेय, मी वाढतेय म्हणून ते संपवतायत... दोघंही चांगल्या घरचे, त्यात त्यांचा जीव जायची वेळ आली!

सोमवारी ते विद्यापीठात आलेच नाहीत. फोन आला, तब्येत बरी नाही. पोरीचा चेहरा पांढराफटक. गाईडच आले नाहीत तर परीक्षा कशी होणार? एवढ्या वर्षांची मेहनत आणि ती माझ्या पुरीने बुडवायची?   मी देव पाण्यात घालून बसले, म्हणजे देव पुण्यात होते, मनातल्या मनात घातले.

मंगळवारी मात्र आले! हळूहळू, पोट सांभाळत, पण आले! मला बघून दोन पावलं मागे सरकले, ते सोडा. सभागृह भरलेलं. माझ्या शेजारी संपदा बसली होती, ईप्सिताची मैत्रीण, कार्ल्सरूहेला शिकते, ती मला कानात मराठीत सांगत होती. आणि तुम्हाला सांगते, काय बोलली हो माझी पोरगी! मला अक्षर कळत नव्हतं, पण ती उभी कशी होती ते तर कळत होतं ना? ताठ! समोर एवढाली माणसं, त्यांच्याच भाषेत त्यांनाच शिकवतेय, मधेच ग्रीक म्हणून दाखवतेय, आपल्याकडे ऋचा म्हणतात तशी चालीत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिकडे संपदा कुजबुजतेय आणि मला वाटतंय, हिला लहानपणी घास भरवला तो या हाताने!

मग एक बाई उठल्या, फ्राऊ लिंडेमान, बाहेरून आलेल्या परीक्षक. चष्मा नाकावर. “आल्झो...” म्हणाल्या, म्हणजे आपलं ‘तर मग...’. हे आल्झो आलं की समजायचं, संकट आलं. संपदा म्हणाली, “काकू, त्या विचारतायत, खाणारा राक्षस हे कळलं. पण यजमानही खाऊ घालतो, आणि तुमचा तो दुसरा राक्षसही खाऊ घालतो. मग दोघांत फरक काय? ओळखायचं कसं?”

आणि ईप्सिता गप्प!

गप्प म्हणजे गप्प हो!  ह्यांनी माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत. मी मनात म्हणतेय, बोल गं बाई, काहीतरी बोल! आणि तिने माझ्याकडे बघितलं. आणि बोलायला लागली. आणि सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. प्रोफेसर हेफनर पोटावर हात ठेवून मान डोलावतायत, “गेनाऊ! गेनाऊ!” अगदी बरोबर, अगदी बरोबर! म्हणून मी हसले. नमस्कारसुद्धा केला!

“काय म्हणतेय गं?” तर संपदा पदरात तोंड खुपसून, माझ्याच पदरात, म्हणते, “काकू, ती म्हणतेय, परवा संध्याकाळी माझी आई राक्षसीण झाली होती!”

मी काय खाते का कुणाला?

“थांबा ना काकू, पुढे ऐका. ती म्हणतेय, आमच्याकडे जेवताना ‘नको’ तीनदा म्हणतात. पहिलं ‘नको’ रीत म्हणून. दुसरं ‘नको’ आग्रह व्हावा म्हणून. तिसरं ‘नको’ खरं. आणि माझ्या आईइतकं ते तिसरं ‘नको’ ओळखणारं माणूस मी जगात पाहिलेलं नाही. तिसऱ्याला तिचा हात आपोआप मागे येतो. परवा फक्त ते तिच्या भाषेत नव्हतं, म्हणून तिला ऐकू आलं नाही. फरक एवढाच आहे. खाऊ घाला नाहीतर खा, समोरच्याचं ‘नको’ ज्याला ऐकू येत नाही, तो राक्षस. ज्याला ऐकू येतं, तो यजमान.”

आणि एकदम सगळी माणसं बाकं बडवायला लागली! मुठींनी! मी घाबरले, म्हटलं चिडले, आता हाकलणार आपल्याला! तर संपदा म्हणे, काकू, इथे अशाच टाळ्या असतात. असं होय? मग मीही बडवलं! बांगड्या फुटल्या दोन, फुटू देत! लेक डॉक्टर झाली माझी! ह्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि हे म्हणतात काय, “बाक बरं आहे, सागवानी दिसतंय.”

बाहेर तिच्या डोक्यावर मित्रमंडळींनी, तिथल्या रीतीप्रमाणे, पुठ्ठ्याची टोपी घातली, टोपीला एक मोठा डोळा चिकटवलेला. हेफनर सर आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, उंगेहॉयर काहीतरी. आता हा शब्द मला येत होता, पोरीच्या प्रबंधावरच होता. उंगेहॉयर म्हणजे राक्षस! मी म्हटलं, आता हेही? पण संपदा म्हणाली, “काकू, ते म्हणतात, ईप्सिताचा उंगेहॉयर अभिमान वाटला. आपण नाही का भयंकर आवडलं म्हणतो? तसं.” घ्या! म्हणजे तेही आपल्यासारखेच. मी म्हटलं, मला पण भयंकर वाटला हो सर, भयंकर!

आणि निघायच्या आदल्या दिवशी, बॅगा भरताना, मी विषय काढला. म्हटलं, तुझी खोली रंगवलीय. झाली ना आता परीक्षा? चल घरी.

ती म्हणाली, “नको गं आई.”

मी म्हटलं, पिस्ता कलर आहे.

ती हसली. “नको आई, खरंच. इथे शिकवायला बोलावलंय मला.”

मी म्हटलं, अगं, वर्षभर तरी ये. माझ्या हातचं खा. मग जा.

तिने माझा हात धरला. म्हणाली, “आई. नको.”

आता मला सांगा, मी काय करणार होते? तिसरं होतं ते! आणि मला ऐकू येतं म्हणून साऱ्या जर्मनीसमोर सांगून ठेवलंय कार्टीने, बाकं बडवलीत लोकांनी! अजून एकदा आग्रह केला असता तर शास्त्राप्रमाणे राक्षसीण ठरले असते! आला हात मागे, आपोआप. भरल्या बॅगा आणि निघाले.

विमानात बसल्यावर मात्र रडू आवरेना. पदराने डोळे पुसतेय, इतक्यात ती हवाईसुंदरी आली, जर्मन, हातात गरमागरम जेवणाचा ट्रे. आणि इतक्या दिवसांची सवय, रडता रडता माझ्या तोंडून निघून गेलं, “डांके.”

गेली ना ती पुढे ट्रे घेऊन! दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही हो! मुंबईपर्यंत उपाशी आले मी... आणि म्हणे राक्षसीण कोण? तर मी!